पूर ओसरल्यावर रबरी बोटीची निगा : धुणे, वाळविणे आणि साठविणे

आश्विन लागला की गोदाकाठच्या गावांतून पुराची चर्चा मागे पडते. सोयाबीनची मळणी, रब्बी ज्वारीची पेरणी, बाजाराची घाई यांत माणसे गुंतून जातात. भाद्रपदात ज्या रबरी बोटीची सारे गाव वाट पाहत होते, ती बोट या दिवसांत कोठे असते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. पुष्कळदा ती चिखलासह गुंडाळून एखाद्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत टाकलेली असते. वरून तिच्यावर जुन्या खुर्च्या, मोडकी कपाटे, निवडणुकीचे सामान चढते. पुढच्या वर्षी मध्यरात्री निरोप येतो, खोलीचे कुलूप काढले जाते आणि घडी उलगडताच कापडाला चिकटलेले कापड सुटताना सालपटे निघतात, झडप मातीने गच्च झालेली दिसते किंवा उंदराने पाडलेले भोक पुढे येते. पाणी चढत असताना या दोषांवर इलाज नसतो. ज्या दिवशी बोट ओली घडी केली गेली, त्याच दिवशी ती निकामी झालेली असते. ती गोष्ट कळते एवढेच त्या रात्री घडते.

हवा भरून वापरावयाच्या साधनांची धुलाई, वाळवण व साठवण हा विषय दिसावयास लहान आहे. परंतु त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. परभणी जिल्ह्यातील ताडकळस व त्याच्या भोवतालचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून या विषयाची माहिती येथे देण्याचे योजिले आहे. ती ग्रामपंचायत सदस्य, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील व शिक्षक यांना सारखीच उपयोगी पडावी.

ताडकळस परिसर आणि पाणी

ताडकळस हे पूर्णा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. येथून पालमकडे जाताना गोदावरी ओलांडावी लागते. पूर्णा नदीही याच तालुक्यात गोदावरीस मिळते. गोदावरीवर वरच्या अंगास पैठणचे जायकवाडी धरण आहे, तर पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे आहेत. पालम तालुक्यात गोदावरीवर डिग्रसचा बंधारा आहे. दोन्ही नद्या एकाच वेळी भरून वाहू लागल्या म्हणजे ओढ्यानाल्यांचे पाणी पुढे सरकेनासे होते, ते उलटे शेतात व वस्तीत शिरते आणि रस्ते तुटतात. काळ्या जमिनीत अशा वेळी पायी चालणेही अवघड होते. मग वस्तीत अडकलेला रुग्ण, बाळंतीण किंवा म्हातारे माणूस बाहेर काढण्यास बोटीवाचून दुसरा उपाय उरत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख घनफूट प्रतिसेकंद या वेगाने पाणी सोडावे लागले होते, आणि त्या वेळी गोदाकाठच्या गावांनी जो प्रसंग पाहिला तो जुन्या माणसांच्या स्मरणात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात व सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याच्या मोठ्या भागात महापुराने थैमान घातले, तेव्हा बचावकार्यासाठी सैन्यदलास पाचारण करावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातील तुकडी पुण्याजवळ असते. राज्य दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे आहेत. त्यांना परभणी जिल्ह्यात पोहोचण्यास काही तास लागणारच. त्या काही तासांत जी बोट गावाजवळ असेल व जी खरोखर फुगेल, तीच उपयोगाची.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगितली आहेत. आपत्तीच्या वेळी तत्काळ वापरता यावीत अशा स्थितीत साधने राखणे हे त्यांपैकी एक आहे. पंचायत राज संस्थांचाही यात समावेश होतो. तेव्हा बोट घेणे किंवा मिळविणे येथे काम संपत नाही. ती तयार ठेवणे हेही कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे.

हवेवर तरंगण्याची जुनी विद्या

वाऱ्याने भरलेल्या पोकळीवर तरंगून नदी ओलांडण्याची कल्पना फार पुरातन आहे. इराकमधील निमरुद येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील असिरियन शिल्पांत फुगविलेल्या कातडी पिशव्यांच्या आधारे नदी पोहून जाणारे सैनिक कोरलेले आहेत; ही शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडे वाळलेले भोपळे एकत्र बांधून सांगड करीत व तिच्या आधाराने नदी उतरत. ‘सांगड घालणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार त्या तरणसाधनाची आठवण देतो. गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जाण्याचे धाडसही अनेक गावांनी पाहिलेले आहे.

कापडावर रबराचा लेप देऊन ते जलाभेद्य करण्याची रीत चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ मध्ये पेटंट केली. पुढे १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने अंगावर झग्यासारखी घेता येईल अशी फुगविण्याची होडी त्याच कापडाची बनविली. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होई. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधकासह रबर तापविण्याची क्रिया शोधल्यावर तो दोष पुष्कळसा दूर झाला. आजच्या बचाव बोटी याच परंपरेतील आहेत.

समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याच्या बळाने पाण्यावर घसरत जाण्याचा जो पतंगाचा खेळ आज चालतो, त्यातील हवा भरलेल्या कडेचा पतंगही याच जातीचा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रूनो व डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी त्याचे पेटंट १९८४ मध्ये घेतले. पाण्यात पडला तरी बुडू नये व पुन्हा उचलता यावा यासाठी त्याच्या कडेत हवेची नळी घातलेली असते. हे पतंग वापरणारे लोक एक नियम कसोशीने पाळतात: वाळू झाडावी, खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढावे, सावलीत पूर्ण वाळवावे आणि मगच सैल गुंडाळी करावी. ओला पतंग पिशवीत राहिला तर त्यास बुरशी येते व शिवणी कुजतात. त्यांचा तो खेळ आहे, आपल्याकडे बचावाचे साधन आहे. कापड, लेप, हवा व ओल यांचे नियम मात्र दोन्हीकडे एकच आहेत.

बोटीची रचना समजून घ्यावी

जे साधन राखावयाचे त्याची रचना ठाऊक असल्याशिवाय निगा नीट होत नाही. रबरी बोटीच्या दोन्ही बाजूंस व पुढे वळलेली जाड नळी असते. ही नळी आतून पडद्यांनी विभागून तिचे स्वतंत्र कप्पे केलेले असतात. प्रत्येक कप्प्याला वेगळी झडप असते. एक कप्पा फुटला तरी उरलेल्या कप्प्यांनी बोट तरंगत राहावी हा त्यामागील हेतू. तळाशी फळ्या किंवा अॅल्युमिनियमचे पत्रे बसवितात. मागील बाजूस इंजिन अडकविण्यासाठी भक्कम फळी असते. सोबत पायाने दाबावयाचा भाता, वल्ही, दोर, जीवरक्षक जाकिटे व दुरुस्तीची पिशवी असते.

नळीचे कापड नायलॉन अथवा पॉलिएस्टरचे असून त्यावर लेप असतो. हा लेप साधारणतः दोन प्रकारचा आढळतो: पीव्हीसीचा किंवा हायपॅलॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराचा. हायपॅलॉन हे अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीने दिलेले नाव. त्या कंपनीने २०१० मध्ये उत्पादन थांबविले तरी त्या प्रकारच्या रबराला लोक अजून तेच नाव देतात. हायपॅलॉन ऊन व तेल अधिक सोसते. पीव्हीसीचे कापड स्वस्त पडते, परंतु दीर्घकाळच्या उन्हाने ते ताठर होऊन चिरते. आपल्याकडील बोट कोणत्या कापडाची आहे, हे कागदपत्रांवरून पाहून मोठ्या अक्षरांत नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. ठिगळ लावण्याच्या वेळी ही नोंद फार कामास येते.

धुणे : चिखल वाळण्यापूर्वी

पुराचे पाणी म्हणजे नुसते नदीचे पाणी नव्हे. त्यात गटारांचा मैला, मेलेली जनावरे, गोदामांतील खत व औषधे, वाहनांचे तेल, कुंपणाच्या तारा, बाभळीचे काटे असे सर्व काही असते. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही असू शकतात. म्हणून बोट धुणाऱ्यांनी रबरी हातमोजे व गमबूट घालावेत, अंगावर जखम असल्यास ती झाकावी आणि काम संपल्यावर साबणाने हातपाय स्वच्छ धुवावेत.

गोदावरीच्या खोऱ्यातील गाळ चिकणमातीचा असतो. ओला असताना तो पाण्याच्या साध्या धारेने निघतो. वाळला की सांध्यांत व झडपांत घट्ट बसतो. तेव्हा बोट काठावर आली की त्याच दिवशी, शक्य तर त्याच ठिकाणी, ती धुणे हा पहिला नियम.

धुताना बोट फुगलेली असावी. फुगलेल्या बोटीच्या घड्या ताणलेल्या असतात, त्यामुळे मळ लपून राहत नाही. झडपांची टोपणे घट्ट लावलेली आहेत याची खात्री करावी, अन्यथा गढूळ पाणी आत जाते. प्रथम स्वच्छ पाण्याची सौम्य धार सोडून चिखल वाहू द्यावा. त्यानंतर तळफळ्या काढाव्यात. बहुतेक ठिकाणी येथेच चूक होते. वरून बोट लख्ख दिसते, परंतु फळ्या व नळी यांच्या सांदीत वाळू राहते. बोट हलताना ही वाळू घासकागदाचे काम करते व आतून कापड झिजविते. अशी झीज बाहेरून दिसत नाही आणि ऐन प्रवाहात, माणसे बसलेली असताना, तेथेच कप्पा सुटतो.

वाळू काढल्यावर पाण्यात थोडा सौम्य साबण मिसळून मऊ फडक्याने किंवा स्पंजने सर्व भाग पुसावा व पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावा. साबणाचा अंश राहू देऊ नये. रॉकेल, पेट्रोल, थिनर, ब्लीचिंग पावडरचे तीव्र द्रावण, ताराची घासणी यांचा उपयोग कदापि करू नये. डांबराचा डाग निघत नसेल तर तो तसाच राहू द्यावा. डागाने बोट बुडत नाही, थिनरने सांधा सुटतो. वाहने धुण्याच्या जोरदार फवाऱ्याची धार जोडांवर धरू नये.

वाळविणे : या कामाचा गाभा

ताडकळसच्या बाजारात शेतमाल आणणाऱ्या शेतकऱ्यास ओलीचे महत्त्व शिकवावे लागत नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनमधील ओल सर्वसाधारणपणे १२ टक्क्यांपर्यंत चालते. त्याहून अधिक असल्यास माल परत फिरतो. ज्वारी दाताखाली कडक वाजल्याखेरीज घरातील जाणती बाई ती कणगीत भरू देत नाही. धान्याच्या बाबतीत जी दक्षता घरोघर आहे, तीच बोटीच्या बाबतीत घ्यावयाची आहे. बंद घडीतील थोडी ओलही बुरशीस पुरते. कापडावर उरलेला मळ हे तिचे अन्न होते. बुरशी लेपाखालील धाग्यांत शिरली म्हणजे डाग पडतात, दुर्गंधी येते आणि जोडांची पकड सैल होत जाते. धातूच्या कड्या व झडपांच्या स्प्रिंगा गंजतात, तळफळ्या कुजतात.

वाळविताना बोट फुगलेलीच ठेवावी, परंतु दाब थोडा कमी करावा. ती एका कुशीवर कलती करून लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने उभी करावी, म्हणजे सांदीतील पाणी निथळते. काही तासांनी दुसऱ्या कुशीवर करावी. साचलेले पाणी स्पंजने टिपावे. जागा सावलीची व वाहत्या वाऱ्याची असावी. शाळेची पडवी, बाजार समितीच्या आवारातील छप्पर असलेला ओटा, सभामंडप अशा जागा उत्तम. ओल वाऱ्याने उडते, त्यासाठी प्रखर उन्हाची आवश्यकता नसते. उन्हातील अतिनील किरणांनी लेप जुना होतो आणि तापलेली हवा प्रसरण पावून जोडांवर ताण येतो.

पावसाळ्यात हवाच दमट असते. एका दिवसात बोट वाळेल अशी अपेक्षा धरू नये. दोन-तीन दिवस लागले तरी लागू द्यावेत. पावसाळ्याच्या मध्यावर बोट पुन्हा लागण्याचा संभव असतोच, म्हणून त्या काळात ती घडी न करता अर्धवट फुगवून छपराखाली ठेवणे अधिक सोयीचे. पक्की वाळवण ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत करावी.

नळीच्या आत पाणी शिरले असल्याचा संशय आल्यास बोट हलवून कान देऊन ऐकावे. पाणी खळखळल्यास तो कप्पा वर व झडप खाली अशी स्थिती करून पाणी निथळू द्यावे, नंतर भात्याने कोरडी हवा भरून सोडून देण्याची क्रिया पुनःपुन्हा करावी. वाळल्याची परीक्षा सोपी आहे. सांदीत व जोडांलगत कोरड्या वर्तमानपत्राच्या घड्या रात्रभर दाबून ठेवाव्यात. सकाळी कागद कडक राहिला तर बोट वाळली. नरम पडला तर आणखी एक दिवस द्यावा.

हवेचा दाब : विज्ञानाच्या तासाचा पाठ

बचाव बोटीच्या नळीत हवेचा दाब अगदी थोडा, सुमारे पाव बार, म्हणजे सायकलच्या चाकातील दाबाच्या कितीतरी कमी असतो. नेमका आकडा बोटीवरील पट्टीवर दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. ट्रॅक्टरची चाके भरण्याच्या यंत्राने बोट फुगविल्यास क्षणार्धात जोड उसवू शकतात. यासाठी भाताच वापरावा.

माध्यमिक शाळेतील शिक्षकांना येथे एक चांगले उदाहरण मिळते. आकारमान स्थिर असता वायूचा एकूण दाब त्याच्या केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतो. वातावरणाचा दाब १ बार व नळीतील जादा दाब ०.२५ बार धरल्यास एकूण दाब १.२५ बार होतो. सकाळी २५ अंश सेल्सिअस, म्हणजे २९८ केल्विन तापमान असताना हवा भरली. दुपारी भर उन्हात काळी नळी तापून ६५ अंशांवर, म्हणजे ३३८ केल्विनवर गेली. १.२५ ला ३३८ ने गुणून २९८ ने भागले असता एकूण दाब सुमारे १.४२ बार येतो. त्यातून वातावरणाचा १ बार वजा केला की जादा दाब ०.४२ बार उरतो. कोणी भाता हाती घेतला नाही, तरी ताण दीडपटीहून अधिक झाला. कापड थोडे ताणत असल्याने प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी येईल, परंतु धोका स्पष्ट आहे. म्हणून उन्हात ठेवावी लागलीच तर थोडी हवा सोडून द्यावी.

याच नियमाची दुसरी बाजू बचावाच्या वेळी दिसते. काठावर ३५ अंशांत फुगविलेली बोट २६ अंशांच्या पाण्यात उतरविली की जादा दाब ०.२५ वरून सुमारे ०.२१ वर येतो. बोट नरम पडल्यासारखी वाटते व ती गळते असा समज होतो. वस्तुतः ती थंड झालेली असते. पाण्यात उतरविल्यावर काही मिनिटांनी पुन्हा दाब पाहून हवा पुरी करावी व मगच माणसे बसवावीत.

गळती शोधणे व ठिगळ

वाळलेली बोट ठेवून देण्यापूर्वी तिची गळती तपासावी. सर्व कप्पे थोडे थोडे, पाळीपाळीने भरावेत. एक कप्पा पूर्ण व शेजारचा रिकामा ठेवल्यास मधल्या पडद्यावर एकतर्फी ताण येतो. संध्याकाळी प्रत्येक कप्प्याचा दाब लिहून ठेवावा व दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहावा. पहाटे पाहिल्यास गारव्यामुळे दाब उतरलेला दिसतो व उगाच शंका येते. चोवीस तासांनी, सारख्याच तापमानात, एखादाच कप्पा लक्षणीय उतरला असेल तर त्यात गळती आहे असे समजावे. मग साबणाचा फेस जोडांवर व झडपेभोवती लावावा. बुडबुडे येतील तेथे खडूने खूण करावी. सायकलची नळी पाण्यात धरून छिद्र शोधणाऱ्या मुलांना ही रीत सांगावी लागणार नाही. अनेकदा दोष कापडात नसून झडपेत अडकलेल्या वाळूच्या कणात असतो. तो कण काढला की काम भागते.

लहान छिद्रास ठिगळ स्थानिक पातळीवर लावता येते. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. त्या कप्प्यातील हवा पूर्ण सोडावी व जागा स्वच्छ करून कोरडी करावी.
२. ठिगळ छिद्राच्या चारही बाजूंस निदान ५ सेंटिमीटर पुढे जाईल असे, गोल कोपऱ्यांचे कापावे.
३. दोन्ही पृष्ठभाग बारीक घासकागदाने किंचित खरखरीत करून धूळ झटकावी.
४. बोटीच्या कापडास योग्य असा चिकटद्रव लावावा. पीव्हीसीचा चिकटद्रव हायपॅलॉनला व हायपॅलॉनचा पीव्हीसीला चालत नाही.
५. पातळ थर देऊन तो हातास चिकटेल न चिकटेल इतका सुकू द्यावा, मग ठिगळ मध्यापासून कडेकडे दाबत बसवावे.
६. निदान २४ तास हवा भरू नये.

दमट हवेत चिकटद्रव नीट धरत नाही, म्हणून दुरुस्तीचा काळ दिवाळीनंतरचा असावा. जोड उसवला असेल, आतील पडदा फाटला असेल किंवा फाट मोठी असेल, तर ते काम उत्पादकाच्या किंवा जाणत्या कारागिराच्या हातीच सोपवावे. पंक्चरच्या दुकानातील सोल्यूशनने केलेली तात्पुरती डागडुजी पक्की समजून तिच्यावर माणसांचा भार टाकणे धोक्याचे आहे. चिकटद्रवास वापराची मुदत असते. ती संपलेली बाटली पिशवीत ठेवून समाधान मानू नये.

साठवण

जागा असेल तर बोट थोडी फुगवून लाकडी घोडीवर, छपराखाली ठेवणे सर्वांत चांगले. घड्या पडत नाहीत व तपासणी सोपी होते. तशी जागा नसेल तर गुंडाळी करावी, परंतु ती सैल असावी. त्यापूर्वी कापडावर शंखजिऱ्याची पूड हलक्या हाताने पसरावी, म्हणजे थर एकमेकांस चिकटत नाहीत. प्रत्येक वेळी घडी निराळ्या रेषेवर पाडावी. एकाच रेषेवर वर्षानुवर्षे घडी पडल्यास लेप तेथेच चिरतो.

खोली पक्क्या भिंतींची व गच्चीची असावी. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या खोलीत ते त्याहून पुष्कळ वाढते. अशा भट्टीत दोन उन्हाळे काढलेल्या बोटीचा चिकटद्रव निकामी झाल्यास नवल नाही. बोट जमिनीवर न ठेवता लाकडी मांचीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. तिच्यावर कोणतेही ओझे ठेवू नये.

शेजार कोणाचा आहे हेही पाहावे. धान्याची पोती असतील तेथे उंदीर येतात व उंदराला रबराचे वावडे नाही. म्हणून धान्याच्या गोदामात बोट ठेवू नये. खते, कीटकनाशके, डिझेल व पेट्रोल यांच्या सहवासात लेप खराब होतो. विजेच्या चालत्या मोटारींच्या ठिणग्यांतून ओझोन वायू निर्माण होतो आणि तो रबरास चिरा पाडतो, हे ध्यानात ठेवून पंपघरही टाळावे.

इंजिन, जाकिटे व दोर

बोट राखली आणि इंजिन विसरले तर ती निव्वळ तरंगती पिशवी होते. गढूळ पाण्यात चाललेल्या इंजिनाच्या थंडाव्याच्या नळ्यांत गाळ बसतो. स्वच्छ पाण्याने भरलेल्या टाकीत इंजिनाचा खालचा भाग, पाणी खेचणारी छिद्रे बुडतील इतका, उभा करून ते सुमारे दहा मिनिटे चालवावे. दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास टाकीतील व कार्ब्युरेटरमधील इंधन काढून टाकावे. इंधन बोटीच्या खोलीत ठेवू नये. पंख्यास गुंडाळलेले गवत, दोऱ्या, प्लॅस्टिक काढून टाकावे.

जीवरक्षक जाकिटे साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत टांगून वाळवावीत. पट्टे व कड्या ओढून पाहाव्यात. ज्या जाकिटातील फोम चेपून कडक झाला आहे, ते बाजूला काढून नष्ट करावे. मोजणीत संख्या भरावी म्हणून ठेवलेले निकामी जाकीट, जाकीट नसण्यापेक्षा अधिक घातक आहे. कारण ते घालणारा माणूस विश्वासाने पाण्यात उतरतो. दोर धुऊन, वाळवून, सैल वेटोळे करून खुंटीला टांगावेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उत्तम राखलेली बोटही क्षमतेपेक्षा अधिक भार सोसत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. बोटीत गर्दी अधिक झाली होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. बोटीवरील क्षमतेची पट्टी धुताना पुसली गेली असेल तर ती पुन्हा ठळक रंगात लिहून घ्यावी. किती माणसे बसवावयाची याचा वाद पाण्याच्या काठी होता कामा नये.

वर्षाचे वेळापत्रक व नोंदवही

मे महिन्यात बोट पूर्ण फुगवून, इंजिन चालवून, जवळच्या तलावात उतरवून पाहावी. जून ते सप्टेंबर या काळात दर पंधरवड्यास दाब व झडपा तपासाव्यात. ऑक्टोबरमध्ये पूर्ण धुलाई, वाळवण व गळतीची तपासणी करावी. नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये दुरुस्ती पुरी करावी. फेब्रुवारीच्या सुमारास एकदा घडी उलगडून, हवा खेळवून, निराळ्या रेषेवर पुन्हा घालावी.

यासाठी एक साधी नोंदवही पुरे. तारीख, काम, प्रत्येक कप्प्याचा संध्याकाळचा दाब, दुसऱ्या संध्याकाळचा दाब, आढळलेला दोष, केलेली दुरुस्ती व सही एवढे रकाने असावेत. नोंद खरी असावी. न तपासता ‘सुस्थितीत’ असा शेरा मारणे सोपे असते. त्या शेऱ्याची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजते.

किल्लीचाही विचार व्हावा. खोलीची एक किल्ली ग्रामपंचायतीत व दुसरी पोलीस ठाण्यात असावी. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांची नावे खोलीच्या दारावर लिहावीत व बदली झाली की त्याच दिवशी नाव बदलावे. पुराच्या रात्री कुलूप तोडण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

सर्वांचा वाटा

हे काम एकट्या शिपायाच्या माथी मारण्याजोगे नाही. ग्रामसभेत ठराव करून चार-पाच जणांचे पथक नेमावे. पोहणारे तरुण, इंजिन जाणणारा एखादा कारागीर, शिवण व चिकटकामात हात बसलेला माणूस आणि नोंदी ठेवणारा शिक्षक असे त्यात असावेत. नदीकाठच्या भोई समाजातील अनुभवी माणसांना पाण्याची जी जाण असते ती पुस्तकात सापडत नाही. त्यांना पथकात मानाने बोलवावे. मे महिन्यातील चाचणी गावासमोर करावी. बोट किती वेळात फुगते, किती माणसे बसतात, जाकीट कसे बांधावे हे स्त्रियांनी व मुलांनीही पाहिलेले असावे.

या साऱ्याचा खर्च फार नाही. साबण, स्पंज, शंखजिरे, चिकटद्रव, चार लाकडी ठोकळे आणि काही माणसांचे दोन-तीन दिवस एवढीच सामग्री लागते. नवी बोट घेण्यासाठी प्रस्ताव, मंजुरी व निविदा यांत जो काळ जातो, त्याच्या एका अंशात असलेली बोट अनेक वर्षे उपयोगी ठेवता येते.

धरणातून पाणी कधी सोडावे लागेल, पाऊस किती पडेल, हे गावाच्या हाती नाही. बोट कोरडी आहे की ओली, हे मात्र सर्वस्वी गावाच्या हाती आहे. येत्या ऑक्टोबरात, सोयाबीनचा शेवटचा खळा उरकण्यापूर्वी, आपल्या गावातील किंवा तालुक्यातील बोटीची खोली एकदा उघडावी, घडी उलगडावी आणि सांदीत बोट घालून पाहावे. हाताला ओल लागली, तर कामाला त्याच दिवशी आरंभ करावा.